वाचकांचे प्रश्न : सनदी शाळा, अनुदानित शाळा आणि दत्तक शाळा

अमेरिकेतल्या चार्टर शाळा आणि आपल्याकडे शाळा दत्तक देण्याची (म्हणजे देणगीदाराने वस्तू आणि सेवा देऊन शाळेला मदत करण्याची) योजना, या दोन विषयांवर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली आहेत. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने ते एकत्रच घेतले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते. नातीला तिथल्या चार्टर शाळेत सोडतीने नंबर लागला. फी नाही, पण शाळा सरकारीही नाही, असे जावई सांगतात. मग ती चालते कशावर आणि अशा शाळा काढल्या कशासाठी? (एक आजोबा, कऱ्हाड)

उत्तर : शाळा सार्वजनिकच आहे. पैसा करातून येतो, चालवणारे मंडळ मात्र वेगळे असते. चार्टर म्हणजे सनद. सनदी लेखापाल म्हणतो तेव्हा हाच शब्द आपण वापरत असतो. जुन्या इनामाची सनद बहुधा वंशपरंपरेने चाले, शाळेची सनद मात्र मुदतीची असते. शिक्षकांचा किंवा पालकांचा गट, नाहीतर एखादी ना-नफा संस्था अर्ज करते. शाळा कोणत्या वस्तीत काढणार, कोणत्या इयत्ता, किती मुले, काय आणि कसे शिकवणार, पैसा कसा खर्च करणार, आणि मुदत संपताना मुले कुठवर पोचलेली असतील, हे सगळे त्यात लेखी द्यावे लागते. मंजुरी मिळाली की तो अर्जच करार ठरतो.

सनद कोण देतो हे राज्याराज्यांत वेगळे आहे. कुठे स्थानिक शाळा-मंडळ देते, कुठे विद्यापीठ, कुठे राज्याचे मंडळ. न्यू जर्सीत हा अधिकार राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे आहे. तिथे पहिली सनद ४ वर्षांची असते आणि नूतनीकरण ५ वर्षांचे. मूल ज्या भागात राहते तिथल्या सार्वजनिक शाळांच्या निधीतून त्या मुलामागची ठरावीक रक्कम चार्टर शाळेकडे वळते. न्यू जर्सीच्या कायद्यात हे प्रमाण ९० टक्के धरले आहे. इमारतीचा खर्च ही मात्र बऱ्याच राज्यांत या शाळांची मोठी अडचण असते. भाडे रोजच्या खर्चातूनच काढावे लागते, म्हणून कधी जुन्या गोदामात, कधी चर्चच्या मोकळ्या इमारतीत वर्ग भरतात.

सूट मिळते ती शिक्षक नेमण्यात, वेळापत्रकात, शिकवण्याच्या पद्धतीत. काही गोष्टींत सूट अजिबात नाही. फी घेता येत नाही, धर्माचे शिक्षण देता येत नाही, विशेष गरजा असलेल्या मुलाला नाकारता येत नाही, राज्याच्या परीक्षा टाळता येत नाहीत. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावीच लागते. तुमच्या नातीचा नंबर लागला तो असा. धाकटे भावंड असेल तर न्यू जर्सीत भावंडांना प्राधान्य देता येते, म्हणून त्याचाही अर्ज वेळेत भरायला सांगा. आणि शाळेची सनद कोणत्या वर्षी नूतनीकरणाला येते हे जावयांना आत्ताच विचारून ठेवायला सांगा. नूतनीकरण नाकारले गेले तर शाळा बंद होते आणि मुलांना नव्या शाळा शोधाव्या लागतात. अशा वेळी वस्तीच्या सार्वजनिक शाळेला प्रवेश द्यावाच लागतो, पण मुलीचे वर्ग-मैत्रिणी सुटतात ते सुटतातच.

आता हेतूबद्दल. १९८८ साली अल्बर्ट शँकर या शिक्षक-संघटनेच्या अध्यक्षांनी ही कल्पना जाहीरपणे मांडली. जर्मनीत कोलोन शहरातली एक शाळा त्यांनी पाहिली होती. तिथे शिक्षकांचा एकच गट त्याच मुलांबरोबर ६ वर्षे राहत असे आणि कसे शिकवायचे ते स्वतः ठरवत असे. शँकर यांचे म्हणणे असे होते की नेहमीच्या पद्धतीने ज्या मुलांना काहीच लाभत नाही त्यांच्यासाठी शिक्षकांना काही वर्षे मोकळीक द्या. जे जमेल ते बाकीच्या सार्वजनिक शाळांनी उचलावे. म्हणजे मूळ कल्पना प्रयोगशाळेची होती. १९९१ साली मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला आणि १९९२ साली सेंट पॉल शहरात पहिली चार्टर शाळा उघडली, तीही शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलांसाठी. पुढे कल्पनेला दुसरे पाय फुटले. काहींना सरकारी शाळांशी स्पर्धा हवी होती, काहींना वाईट शाळेतून मुलांना बाहेर पडायची वाट हवी होती. कल्पना या वळणावर गेल्यावर खुद्द शँकर चार्टर शाळांवर टीका करू लागले. प्रयोगशाळा, स्पर्धा आणि सुटकेची वाट हे तीन हेतू एक नाहीत, आणि त्यांची सरमिसळ झाली की वाद कधी मिटत नाही. आमच्या मते पहिला हेतू सर्वांत मोलाचा होता आणि सर्वांत आधी तोच मागे पडला. एका शाळेत जमलेली गोष्ट शेजारच्या शाळेत नेण्याचे काम कोणाचे, हे बहुतेक सनदांत लिहिलेलेच नसते.

प्रश्न : पैसा सरकारचा आणि कारभार संस्थेचा, हे तर आपल्या अनुदानित शाळांत किती वर्षे चालू आहे. रयत शिक्षण संस्थेने शंभर वर्षांपूर्वीच हे केले. मग चार्टरमध्ये नवे काय? (माध्यमिक शिक्षक, पलूस)

उत्तर : तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी संस्था स्थापली आणि १९२४ साली ती साताऱ्यात आली. पुढे गावोगाव व्हॉलंटरी शाळा निघाल्या. जिथे लोकल बोर्डाची शाळा नव्हती तिथे गावाने देऊळ, चावडी अशी जागा द्यायची, संस्थेने शिक्षक द्यायचा आणि सरकारने अनुदान द्यायचे. पाचशेहून अधिक शाळा अशा उभ्या राहिल्या आणि सरकारने प्राथमिक शिक्षण अंगावर घेतल्यावर त्या हवाली करण्यात आल्या. तिथे हेतू शिक्षण पोचवण्याचा होता. नव्या पद्धतीची परीक्षा पाहावी असा तो प्रश्न नव्हता, कारण पुष्कळ गावांत पाटी हाच नवा प्रयोग होता.

दुसरा फरक कागदाचा. १९४८ साली मुंबई सरकारने रयतचे अनुदान थांबवले आणि नंतर ते पुन्हा सुरू झाले. अनुदान ही सरकारच्या मर्जीची गोष्ट असली की असे होते. सनदेत दोन्ही बाजू बांधलेल्या असतात. मुदत किती, कोणत्या कारणाने रद्द करता येईल, आधी नोटीस किती, म्हणणे मांडायची संधी कधी, हे आधीच ठरलेले असते.

आजच्या अनुदानित शाळेत संस्थेच्या हातात खरे म्हणजे किती उरले आहे ते पाहा. पदे संचमान्यतेतून, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या सरकारी प्रक्रियेतून, ठरतात. भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरून. सेवाशर्ती खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७च्या कायद्याने आणि १९८१च्या नियमावलीने बांधलेल्या. अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके राज्याची. एखाद्या मुख्याध्यापकाला वाटले की सहावीत आलेल्या ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांना तीन महिने फक्त भाषा आणि गणित शिकवावे, तर तसे करायला त्याच्याकडे अधिकृत जागा नाही. चार्टर शाळेला हे सनदेत लिहून घेता येते.

हिशेबाची बाजू तर त्याहून दुबळी. अनुदान पटावर आणि मान्य पदांवर मिळते. अमुक वर्षी मुलांची एवढी प्रगती दिसली नाही तर काय होईल, असे कोणत्याच कागदावर नाही. पालकांच्या हातीही फार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांतल्या शाळा व्यवस्थापन समितीचे काम कायद्यानेच केवळ सल्ल्यापुरते ठेवले आहे.

म्हणजे आपल्याकडे मोकळीकही कमी आणि जाबही कमी. चार्टरच्या कल्पनेत दोन्ही एकदम वाढवायचे असतात. यातले एकच अर्धे उचलले तर नुकसान ठरलेले. जाब न विचारता मोकळीक दिली तर शाळेचा ठेका होतो. मोकळीक न देता नुसता जाब विचारला तर शिक्षक दिवसभर ऑनलाइन माहितीच्या लिंका भरत बसतो, आणि ते आज तुम्ही पाहतच आहात.

प्रश्न : चार्टर शाळा खरोखर चांगल्या असतात का? निकाल काय सांगतात? (डी.एल.एड.ची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : सरसकट उत्तर नाही, आणि ते का नाही हे अध्यापक होणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका केंद्राचे अभ्यास यात सर्वांत जास्त उद्धृत होतात. चार्टर शाळेतल्या मुलासारखेच, म्हणजे त्याच पातळीचे आणि तशाच घरचे, मूल जवळच्या सरकारी शाळेत शोधायचे आणि दोघांची वर्षभराची वाढ ताडून पाहायची, ही त्यांची रीत. २००९च्या अहवालात गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरस निघाल्या, ३७ टक्के कमी पडल्या आणि उरलेल्यांत फरक दिसला नाही. २०२३च्या अहवालात चित्र सुधारले. चार्टरमधली मुले सरासरीने वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे होती. तिथे शाळेचे वर्ष साधारण १८० दिवसांचे असते, तेव्हा हा फरक किती मोठा म्हणायचा ते तुम्हीच पाहा. सुधारणेचे एक कारण सरळ आहे. वाईट शाळा बंद होत गेल्या. सनदेला मुदत असल्याचा तो उपयोग.

सरासरीच्या पोटात मात्र टोकाचे फरक आहेत. बोस्टन शहरात सोडतीचा उपयोग करून फार काटेकोर अभ्यास झाले. अर्ज सगळ्यांनी केलेला असतो, म्हणजे घरची कळकळ सारखीच. कोणाला चिठ्ठी लागली आणि कोणाला नाही हा निव्वळ योग. अशा दोन गटांची तुलना केली की ‘हुशार घरची मुले तिकडे गेली’ ही शंका उरत नाही. तिथे चार्टर शाळांचा फायदा ठळक निघाला. पण सोडत लागते ती ज्या शाळेला रांग असते तिथेच. ओस पडलेली शाळा अशा अभ्यासात येतच नाही, हेही ध्यानात ठेवा.

दुसऱ्या टोकाला पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या चार्टर शाळा. २०१५च्या अभ्यासात तिथली मुले गणितात १८० दिवसांनी आणि वाचनात ७२ दिवसांनी मागे होती. गणितात मूल वर्षभर शाळेतच गेले नाही म्हणा ना. ओहायो राज्यातली अशी एक मोठी ऑनलाइन शाळा जानेवारी २०१८मध्ये ऐन वर्षाच्या मध्यावर बंद पडली. सुमारे १२,००० मुले त्यात होती. हजेरीचे आकडे सिद्ध करता आले नाहीत म्हणून राज्याने कोट्यवधी डॉलर परत मागितले होते. लॉगिनला हजेरी धरली की असे होते.

तुमच्यासाठी यातला उपयोगाचा भाग असा. कोणत्याही शाळेचा निकाल पाहताना नुसता शेवटचा आकडा घेऊ नका. मूल आले तेव्हा कुठे होते, आणि मधेच किती मुले सोडून गेली, हे दोन आकडे मागा. कच्ची मुले वाटेत गळाली की उरलेल्यांचा निकाल आपोआप उजळतो.

प्रश्न : आरटीईचे (शिक्षण हक्क कायद्याचे) २५ टक्के प्रवेश आणि भागीदारीतल्या नव्या सैनिकी शाळा, या चार्टर म्हणायच्या का? (पालक, कोरेगाव)

उत्तर : दोन्ही नाहीत. २५ टक्के प्रवेशात शाळा खासगीच राहते. सरकार फक्त काही मुलांची फी भरते आणि शाळेच्या पद्धतीबद्दल करार काहीच होत नाही. १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट देणारा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४मध्ये रद्द केला, त्यामुळे जवळ जिल्हा परिषदेची शाळा आहे एवढ्या कारणाने अर्ज भरायचा सोडू नका. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. खासगी आणि स्वयंसेवी संस्थांबरोबर भागीदारीत १०० नव्या सैनिकी शाळांना २०२१ साली केंद्राने मान्यता दिली. तिथे प्रवेश परीक्षा आहे आणि फीही आहे. चार्टरमध्ये दोन्ही बसत नाहीत.

प्रश्न : आमची वाडी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात आहे. पट १४, शिक्षक दोन. पुण्यातली एक संस्था ‘शाळा चालवायला घेतो’ म्हणते आणि समितीचा ठराव मागते. द्यावा का? (अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती)

उत्तर : आधी ‘चालवायला घेणे’ म्हणजे काय ते त्यांच्याकडून लेखी घ्या. बोलण्यात हा एकच शब्द वस्तू देण्यासाठीही वापरतात, शिक्षक पाठवण्यासाठीही आणि संपूर्ण कारभारासाठीही.

शाळा दुसऱ्याच्या हवाली करण्याचा अधिकार समितीला नाही. इमारत, जागा, शिक्षक सारे जिल्हा परिषदेचे आहे. संस्थेचा करार झाला तर तो जिल्हा परिषदेशी होईल. तुम्ही ठराव दिलाच तर त्यात ‘शैक्षणिक सहकार्यास संमती’ एवढेच शब्द असू द्या. ‘हस्तांतर’, ‘ताबा’, ‘व्यवस्थापन सोपवणे’ असे शब्द मसुद्यात असतील तर ते खोडल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या कागदावर किंवा रिकाम्या तारखेवर तर कधीच नाही.

दत्तक शाळा योजनेखाली त्यांना यायचे असेल तर त्याचा शासन निर्णय १८ सप्टेंबर २०२३चा आहे. त्यात रोख रक्कम देता येत नाही, वस्तू आणि सेवा द्यायच्या असतात. शाळेच्या नावाला देणगीदाराचे नाव जोडायचे असेल तर ग्रामीण भागात ५ वर्षांसाठी ५० लाख आणि १० वर्षांसाठी १ कोटी रुपये मूल्याची मदत ठरवली आहे. (सांगली-मिरज-कुपवाड ही ड वर्ग महापालिका असल्याने तिथेही हाच दर.) त्यामुळे चार टॅब आणि एक रंगकाम यांवर नावाची पाटी मागणारा कोणी आला तर त्याला हा शासन निर्णय दाखवा. शिवाय देणगी दिली म्हणून शाळेच्या कारभारात हात घालता येत नाही.

ते शिक्षक पाठवणार असतील तर खरा प्रश्न तिथे आहे. असे तरुण शिक्षक बहुधा ११ महिन्यांच्या बोलीवर येतात. राहायची सोय नसते, पावसाळ्यात एसटी बंद पडते आणि दिवाळीच्या सुट्टीला गेलेला माणूस परतत नाही. म्हणून करारात सोडून जाण्याआधी किमान दोन महिन्यांची सूचना, पंधरा दिवसांत बदली माणूस आणि राहण्याचा खर्च कोणाचा, ही कलमे हवीत. त्याहून महत्त्वाचे कलम असे, की देणगीदाराचा शिक्षक संचमान्यतेत धरला जाणार नाही. हे लिहिलेले नसेल तर ‘तुमच्याकडे आहे की माणूस’ म्हणून तुमचा हक्काचा शिक्षक दुसरीकडे पाठवायला निमित्त मिळते. संस्था गेल्यावर तो परत मिळवायला वर्ष जाते.

वस्तूंबाबत, मिळणाऱ्या प्रत्येक यंत्राचा चालू खर्च विचारा. प्रोजेक्टर आला तर वीजबिल कोण भरणार, इन्व्हर्टरची बॅटरी तीन-चार वर्षांनी बदलावी लागते ती कोण बदलणार, दुरुस्तीला पाटण की थेट पुणे? तुमच्याकडच्या पावसात ओल ही यंत्रांची पहिली शत्रू. जून ते सप्टेंबर बंद पेटीत ठेवलेला संच उन्हाळ्यात उघडला की बिघडलेला निघतो. रोज अर्धा तास चालू ठेवणे आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवणे हा साधा उपाय आहे. मुलांचे फोटो, आधारच्या प्रती, जातीचे तपशील संस्थेला देऊ नका. त्यांच्या कामाला ते लागत नाहीत.

आणि संस्था येण्याआधी मुलांची पातळी नोंदवून ठेवा. हे तुम्ही आणि गुरुजी मिळून एका दिवसात करू शकता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एकेका मुलाला वेगळे बसवून पाचेक मिनिटे द्या. वाचनात अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी मूल कुठवर जाते ते पाहा. गणितात एक अंकी आणि दोन अंकी संख्या ओळखणे, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे एवढे पुरे. तीच पाहणी दिवाळीआधी आणि एप्रिलमध्ये पुन्हा करा, दर वेळी मजकूर नवा घ्या. नाहीतर गोष्ट पाठ झालेली असते. १४ मुलांच्या शाळेत टक्केवारी काढू नका. एकच मूल म्हणजे ७ टक्के, तेव्हा एक जण आजारी पडला तरी आकडा हलतो. मुलाच्या नावासमोर तीन रकाने ठेवा. संस्थेने काय बदलले ते त्या पानावर दिसेल, आणि काही न बदलता ती गेली तरी पान तुमच्याकडे राहील.

करार पाच वर्षांचा मागतील. तीन वर्षांचा करा आणि पहिल्या वर्षाअखेर दोन्ही बाजूंना बाहेर पडायची मुभा ठेवा.

प्रश्न : आमच्या शाळेचा विकास आराखडा दरवर्षी तोच असतो. संरक्षक भिंत, स्वच्छतागृह, रंग. यात आणखी काय लिहिता येते? (समिती सदस्य, जत)

उत्तर : पुष्कळ काही. आपल्या कायद्यात सनदेच्या सर्वांत जवळ जाणारा कागद कोणता असेल तर तो हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ने समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला ठरवल्या. कलम २२ने या समितीला शाळा विकास आराखडा करायला सांगितले, आणि सरकारने किंवा जिल्हा परिषदेने द्यायच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा राहील असे त्याच कलमात आहे. आराखडा तीन वर्षांचा असतो, त्याचे वर्षावर्षाचे भाग पाडायचे. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, म्हणून डिसेंबरच्या सभेत तो पक्का झाला पाहिजे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या शाळेचा आराखडा उतरवून काढला की भिंत आणि रंगच हाती लागतात.

वेळेपासून सुरुवात करा. पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास शिकवणे कायद्याने ठरलेले आहे. पहिली ते पाचवीत दिवसाला ४ तास होतात. एक वही घाला आणि ज्या दिवशी शिकवणे झाले नाही तो दिवस कारणासह लिहा. वर्षात १८ दिवस गेले तर ७२ तास बुडाले. जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणुकीची कामे सोडून इतर बिगर-शैक्षणिक कामांना शिक्षक लावता येत नाहीत, हे कलम २७. वही असली की तक्रार नेमकी करता येते.

जतमध्ये कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. तुमची त्यांपैकी असेल तर शिक्षकांची मागणी करताना केवळ ‘एक पद रिक्त’ असे न लिहिता माध्यम आणि विषय लिहा. कन्नड येत नसलेला शिक्षक आला तर कागदावर पद भरलेले दिसते आणि वर्गात ते रिकामेच असते.

तुमच्याकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे असतील तर त्या मुलांची वेगळी यादी करा. दिवाळीनंतर कोण जाणार हे सप्टेंबरमध्येच गावात ठाऊक असते. हंगामी वसतिगृहाची किंवा नातेवाइकांकडे मूल ठेवण्याची सोय तेव्हाच ठरली पाहिजे, टोळी निघाल्यावर धावपळ करून काही होत नाही. वर पाटणच्या उत्तरात सांगितलेल्या एप्रिलच्या पाहणीत ही मुले गैरहजर असतात आणि शाळेचा आकडा उगाच चांगला दिसतो. जूनला जी नावे होती त्याच नावांचा हिशेब एप्रिलला द्या, गैरहजर असेल त्यापुढे गैरहजर लिहा.

मग शिकण्याचे उद्दिष्ट. ‘गुणवत्ता वाढवणे’ असे लिहू नका, त्याला काही अर्थ नसतो. असे लिहा, की तिसरीतली जी ५ मुले जूनमध्ये शब्दांवर अडली होती ती एप्रिलपर्यंत गोष्ट वाचतील. त्याखाली आणखी एक ओळ हवी. वाचली नाहीत तर पुढच्या जूनपासून त्यांना रोज ४५ मिनिटे वेगळे बसवले जाईल, अमुक शिक्षक बसवतील आणि ऑगस्टच्या सभेत समिती ते पाहील. ‘नाही झाले तर काय’ ही ओळ आपल्या आराखड्यांत कधीच नसते. सनदेची सगळी ताकद त्या ओळीत आहे.

प्रश्न : अशा शाळा आपल्याकडे वाढल्या तर झेडपीच्या शाळा ओस पडणार नाहीत का? (निवृत्त केंद्रप्रमुख, वाई)

उत्तर : भीती खरी आहे आणि ती हिशेबाने समजते. चौथीपर्यंतची ६० मुलांची शाळा घ्या. ६ मुले दुसरीकडे गेली, म्हणजे एकेका वर्गातून एक-दोन. शिक्षक दोनच लागतात, वर्गखोल्या तेवढ्याच, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईही तेवढ्याच. पैसा मुलाबरोबर जात असेल तर उत्पन्न दहा टक्क्यांनी घटते आणि खर्च एक रुपयानेही घटत नाही. आपल्याकडे फटका वेगळ्या जागी बसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१पासून तिसरा. ६२ पटाच्या शाळेतून फक्त दोन मुले गेली की अख्खे पद जाऊ शकते. संचमान्यतेचे निकष शासन निर्णयाने बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचे पत्रकच पाहावे.

मॅसॅच्युसेट्स राज्यात मूल चार्टरकडे गेल्यावर मूळ मंडळाला काही काळ भरपाई देण्याची तरतूद आहे. तरीही २०१६ साली चार्टर शाळांची संख्या वाढवावी का असा कौल घेतला तेव्हा तिथल्या मतदारांनी मोठ्या फरकाने नको म्हटले, आणि ज्या बोस्टनमध्ये या शाळांचे निकाल उत्तम होते ते शहर याच राज्यातले. वाई, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरी भागात तर एका वाडीत दोन शाळा चालतील एवढी मुलेच नाहीत. तिथे नवी शाळा उघडण्यापेक्षा आहे त्या शाळेला सनदेसारखी मोकळीक आणि लेखी जबाबदारी द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या गावची शाळा एका संस्थेने ‘घेतली’ असे फलक सांगतो. करार कोणी दाखवत नाही. तो मिळवायचा कसा? (पालक, आटपाडी)

उत्तर : आधी शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, घ्या. तो ११ अंकी असतो. पहिले दोन अंक २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढचे दोन जिल्ह्याचे. सांगलीचे ३५, साताऱ्याचे ३१. सारख्या नावाच्या शाळा अनेक असतात, क्रमांक दिला की ‘कोणती शाळा ते कळत नाही’ हे उत्तर येत नाही.

मग जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून कारणे लिहीत बसू नका. मागा एवढेच, की सदर शाळेबाबत संस्थेशी झालेल्या कराराची प्रत, त्यास मंजुरी देणारा आदेश, संस्थेने दिलेल्या वस्तू-सेवांची मूल्यासह यादी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या संबंधित ठरावाची प्रत. ‘का दिली’, ‘योग्य आहे का’ असे प्रश्न विचारले तर ते माहितीच्या व्याख्येत बसत नाहीत म्हणून अर्ज फेटाळला जातो. प्रतींना पानामागे २ रुपये पडतात. उत्तराची मुदत ३० दिवसांची. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर त्यापुढच्या ३० दिवसांत त्याच विभागातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे २० रुपयांचा स्टॅम्प लावून अपील करा. अर्ज हातोहात दिला असेल तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका, मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. ‘असा करार उपलब्ध नाही’ असे लेखी उत्तर आले तर तेही जपून ठेवा आणि पुढच्या मासिक सभेत समितीच्या इतिवृत्तात नोंदवायला लावा.